जुन्या कॅम्पर व्हॅनला स्टीलचा सायलेन्सर बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅटाडोर, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, विंगर किंवा ओम्नी घेऊन तिच्यात पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवलेल्यांसाठी ही माहिती आहे. गाडी अमरावती-यवतमाळ-गडचिरोलीकडच्या रस्त्यांवर, पांदणींवर आणि मेळघाटच्या घाटात चालणार, हे धरून लिहिलं आहे. आपल्याकडे इंजिनपासून मागच्या तोंडापर्यंतच्या सगळ्याच नळीला ‘सायलेन्सर’ म्हणतात. इथे मात्र आवाज कमी करणाऱ्या भागाला ‘डबा’ आणि बाकीच्याला ‘नळी’ म्हटलं आहे. ‘स्टील’ म्हणजे न गंजणारं स्टेनलेस, आणि साधं ते ‘लोखंड’.

विदर्भात समुद्र नाही, खारी हवा नाही. मग स्टीलचा खर्च कशाला?

कारण सायलेन्सर बाहेरून जेवढा गंजतो, त्याहून जास्त आतून गंजतो. एक लिटर डिझेल किंवा पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. नळी तापलेली असेल तर ती वाफ बाहेर निघून जाते. गाडी घरून फक्त तालुक्याच्या बाजारापर्यंत, चार-पाच किलोमीटर गेली आणि बंद केली, तर मागचा डबा धड तापतच नाही. वाफ तिथेच थंड होते, धुरातली आम्लं तिच्यात मिसळतात आणि ते पाणी डब्याच्या तळाशी साचून राहतं. कॅम्पर तर महिनोन् महिने उभी असते. म्हणून वापर कमी असूनही तिचा लोखंडी डबा रोज धावणाऱ्या टॅक्सीच्या आधी सडतो.

दुसरं कारण आपली काळी माती. पावसाळ्यात ती डब्याच्या वरच्या अंगाला, पट्ट्याखाली आणि जोडांच्या खाचेत जाऊन बसते आणि दिवसेंदिवस ओल धरून ठेवते. मुरूम वाळला की झडतो, ही माती झडत नाही.

तरी एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्या भागात स्टीलचा सायलेन्सर गंजून क्वचितच जातो. तो तडकतो. खड्ड्यांचे हादरे, चुकीची टांगणी आणि कच्चं वेल्डिंग त्याला मारतं. म्हणून बजेट मर्यादित असेल तर आधी फ्लेक्झिबल (नळीच्या मधे बसणारा जाळीचा लवचिक तुकडा) आणि रबरी टांगण्या चांगल्या घ्या, मग वेल्डिंगला पैसे द्या आणि त्यानंतर धातूच्या ग्रेडचा विचार करा. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

३०४, ४०९, २०२, ३१६ या स्टीलच्या ग्रेडपैकी कोणतं घ्यायचं?

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते आतल्या आम्ली पाण्यालाही टिकतं आणि बाहेरच्या चिखलालाही. नागपूर, अमरावती, अकोल्याच्या स्टील पाइपच्या दुकानांत सहज मिळतं, आणि आर्गॉन वेल्डिंग करणाऱ्या मिस्त्र्याचा हात त्यावर बसलेला असतो. घरगुती बनावटीसाठी आमची पहिली पसंती ३०४, आणि मिळालं तर ३०४ एल. ‘एल’ म्हणजे कार्बन कमी. वेल्डिंगच्या आजूबाजूला क्रोमियम कार्बनशी बांधलं गेलं की तेवढ्या पट्टीत गंज धरतो. कार्बन कमी असला की हा त्रासही कमी.

४०९ मध्ये क्रोमियम साधारण ११ टक्के आणि निकेल जवळपास नाही, म्हणून ते स्वस्त पडतं. गाड्यांचे कारखाने मूळ सायलेन्सरला बहुतेक हेच वापरतात. ते तापून फार वाढत नाही, हा त्याचा मोठा गुण. काही महिन्यांत वरून तपकिरी पडतं आणि मालकाला वाटतं, फसवलं. तो वरवरचा थर आहे. नळी त्याने लवकर भोक पडून जात नाही. अडचण एवढीच की किरकोळ दुकानात ४०९ ची नळी क्वचित सापडते. तयार डबा ४०९ चा मिळत असेल तर खुशाल घ्या आणि नळी ३०४ ची करा.

२०२ म्हणजे जिन्याच्या आणि गॅलरीच्या रेलिंगचा पाइप. त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. दिसायला चकचकीत, पण वेल्डिंगच्या कडेने गंजतो. भिंतही बहुधा एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असते. सायलेन्सरला वापरू नका.

३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाच्या पाण्यासाठी आहे. रत्नागिरीला किनाऱ्यावर राहणाऱ्याने विचार करावा. वाशीम किंवा भंडाऱ्याला त्याचे जास्तीचे पैसे वाया जातात.

दुकानदार ३०४ सांगून २०२ देत नाही ना, हे कसं ओळखायचं?

चुंबकाने ओळखता येत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. चुंबक ४०९ ला चिकटतो, पण ३०४ आणि २०२ दोघांनाही चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ ला वाकवलेल्या जागी चुंबक थोडा ओढतो आणि माणूस चांगला माल परत करतो.

भंगारवाल्यांकडे आणि मोठ्या स्टीलच्या दुकानांत तपासणीचं द्रावण असतं. नळीचा तुकडा घासून स्वच्छ करायचा, एक थेंब टाकायचा आणि लहान बॅटरीचा करंट काही सेकंद द्यायचा. मँगनीज जास्त असेल तर थेंब लालसर होतो, तो २०२. ३०४ वर तसा लाल रंग चढत नाही. दुकानदार ही तपासणी समोर करायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा. नळीवर ग्रेड आणि हीट नंबर (कारखान्यातल्या त्या वितळणीचा क्रमांक) छापलेला असेल तर त्या नंबरचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. त्यात मँगनीज २ टक्क्यांच्या आत आणि निकेल ८ टक्क्यांच्या वर दिसायला हवं.

नळी किती इंची आणि किती जाड?

व्यास मूळ नळीएवढाच ठेवा. जुन्या नळीचा बाहेरचा घेर दोऱ्याने मोजून ३.१४ ने भागा, किंवा सरळ कॅलिपर लावा. मोजताना गंजून फुगलेली जागा सोडा.

इथे हमखास फसगत होते. दुकानात ‘दोन इंची पाइप द्या’ म्हटलं की दोन वेगळ्या वस्तू हातात येऊ शकतात. पाण्याच्या लाइनचा दोन इंची पाइप नॉमिनल मापाचा असतो आणि त्याचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर भरतो. सायलेन्सरला लागणारी दोन इंची ट्यूब बाहेरून ५०.८ मिलिमीटर असते. पहिली नळी जुन्या फ्लँजवर (नळीच्या टोकाची बोल्ट लावायची चकती) बसतच नाही, आणि कापलेला माल कोणी परत घेत नाही. म्हणून इंचात मागू नका. ‘बाहेरून ५०.८ मिलिमीटर, भिंत दीड मिलिमीटर’ असं कागदावर लिहून द्या.

भिंत १.५ मिलिमीटर घ्या. १.२ चालते, पण ती जास्त टणटणते आणि नवशिक्या वेल्डरच्या हातून तिला भोक पडतं. २ मिलिमीटरची नळी उगीच जड होते आणि तो भार टांगण्यांवर येतो. स्टील किलोवर विकलं जातं, म्हणून वजनाचा हिशेब जवळ ठेवा. ५०.८ मिलिमीटर व्यासाची, दीड मिलिमीटर भिंतीची ३०४ ची नळी मीटरला साधारण १.८५ किलो भरते, आणि १.२ ची साधारण १.५ किलो. साडेतीन मीटर नळी काट्यावर साडेसहा किलोच्या जागी सव्वापाच भरली तर तुम्हाला पातळ माल दिला आहे.

मोठी नळी टाकली तर पिकअप वाढेल का?

नाही. मॅटाडोर आणि जुन्या ट्रॅव्हलरमधलं बिनटर्बोचं डिझेल इंजिन मूळ नळीतूनच नीट श्वास घेतं. व्यास वाढवला तर आवाज वाढतो, खालची जागा अडते आणि पैसे जातात. घाटात गाडी दम तोडत असेल तर आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, नोझल आणि पंपाचं टायमिंग बघा. जुना डबा आतून तुटून अडला असेल तर मात्र नवीन डब्याने फरक पडतो, पण तो नळी मोठी केल्याचा परिणाम नसतो.

डबा कसला निवडावा?

डबे मुख्यतः दोन जातींचे. एकात आडभिंती आणि कप्पे असतात, धूर वळणं घेत जातो आणि आवाज मरतो. दुसऱ्यात सरळ भोकांची नळी आणि तिच्याभोवती काचेचा कापूस असतो. कॅम्परला कप्प्यांचा घ्या. कापसाचा डबा सुरुवातीला छान वाटतो, पण कमी वापराच्या गाडीत तो कापूस ओल धरतो आणि पुढे थोडा थोडा उडून जातो. मग आवाज वाढत जातो.

डबा गाडीवर बसेल तेव्हा जो भाग सर्वांत खाली येईल, तिथे ३ मिलिमीटरचं एक भोक पाडून घ्या. साचलेलं पाणी तिथून गळतं. सकाळी गाडी सुरू केल्यावर त्यातून थेंब पडले तर घाबरू नका. फक्त ते भोक चिखलाने बुजू देऊ नका, पावसाळ्यात महिन्यातून एकदा तारेने मोकळं करा. डब्याचं कवच पातळ असतं, म्हणून टांगणीचा हूक थेट कवचावर वेल्ड करू नका. आधी हाताच्या पंजाएवढी दीड-दोन मिलिमीटरची पट्टी लावा आणि हूक तिच्यावर बसवा, नाहीतर हूक कवचाचा तुकडा घेऊनच बाहेर येतो.

माप कसं घ्यायचं? गाडी दुकानात नेता येत नाही.

१. जुना सायलेन्सर काढण्याआधी मापं घ्या. तो सडलेला असला तरी वळणं कुठे आणि टांगण्या कुठे, हे तोच सांगतो. चारही बाजूंनी फोटो काढा.

२. गाडी भरलेल्या अवस्थेत मोजा. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो वाढतात, वर पलंग, बॅटरी, सिलिंडर. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) किती बसतात ते बघा. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप पुढे हाऊजिंगवर (मागच्या आसाच्या कवचावर) नळी आपटवतं.

३. मग चासीला जॅक लावून मागची चाकं लोंबू द्या आणि हाऊजिंग खाली गेल्यावर नळी कुठे येते ते पाहा. दोन्ही टोकांना हाऊजिंग, प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेकची नळी यांच्यापासून किमान २५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. हाऊजिंगच्या वरून जाणाऱ्या कमानीला त्याहून जास्त ठेवा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, चासीखाली स्टँड किंवा लाकडी ठोकळे लावा.

४. जाड वेल्डिंग रॉडचं फ्लक्स झाडून तार मोकळी करा आणि तीच वाकवून नळीच्या मधल्या रेषेचा साचा बनवा. वळण सुरू होतं तिथे आणि संपतं तिथे खडूची खूण करा. हा साचा आणि दोन्ही टोकांच्या फ्लँजचे कागदावरचे ठसे मिस्त्र्याला पुरतात.

वळणं कशी करावीत? आमच्याकडे मँड्रेल बेंडिंग मशीन (नळी न चेपता वाकवणारं) नाही.

वाळू भरून किंवा प्रेसवर वाकवलेली स्टीलची नळी बहुधा आतल्या बाजूला चिमटते, आणि नेमकी तिथेच पुढे तडकते. सोपी वाट म्हणजे डेअरी फिटिंगचं दुकान. दूध संकलन केंद्रांसाठी ३०४ चे ४५ आणि ९० अंशांचे तयार बेंड मिळतात, आणि त्यांत ५१ मिलिमीटर हे नेहमीचं माप आहे. ते ५०.८ च्या नळीला बट जोडाने, म्हणजे तोंडाला तोंड लावून, बरोबर लागतात. वळण कमी हवं असेल तर बेंड पाहिजे तेवढ्या अंशांवर कापून घ्या. कापताना काट सरळ हवा, दोन तुकड्यांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फट नको. रेलिंगचे बेंड स्वस्त दिसतात, पण ते पातळ आणि बहुतेक २०२ चे.

वेल्डिंग कोणतं? गावातला वेल्डर आर्कने करून देतो म्हणतो.

स्टीलला आर्गॉन वेल्डिंग, म्हणजे टिग. दीड मिलिमीटरच्या नळीवर साध्या रॉडने भोकं पडतात, आणि लोखंडाचा रॉड वापरला तर जोड पहिल्या पावसाळ्यातच लाल होतो. वेल्डरला पुढच्या गोष्टी स्पष्ट सांगा.

३०४ ला ३०४ जोडताना ३०८ एल ची तार. ३०४ ला जुन्या लोखंडी फ्लँजशी जोडताना ३०९ एल. ही अदलाबदल केली तर लोखंडाच्या बाजूचा जोड ठिसूळ होऊन तडकतो. दीड मिलिमीटरच्या भिंतीला १.६ मिलिमीटरची तार पुरते, करंट साधारण ५० ते ७० अँपियर.

नळीच्या आतूनही आर्गॉन सोडायला सांगा. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी टाळली जाते आणि सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. आत हवा राहिली की वेल्डच्या पाठीवर काळा, खरखरीत, गुळाच्या रव्यासारखा थर येतो. वरून जोड सुंदर दिसतो, पण आतल्या त्या रव्यातून चीर सुरू होते. दोन्ही टोकांना चिकटपट्टीने कागद लावायचा, एका टोकाला गॅसची नळी, दुसऱ्याला लहान भोक. मिनिटाला ४-५ लिटरने काही मिनिटं गॅस सोडून हवा बाहेर काढायची आणि मग वेल्डिंग. पहिला जोड झाला की टॉर्च मारून आत बघा. चंदेरी किंवा फिकट सोनेरी असेल तर काम बरोबर, काळं दाणेदार असेल तर तिथेच थांबवा.

लोखंडावर वापरलेला ब्रश किंवा ग्राइंडरची चकती स्टीलला लावू नका. लोखंडाचे कण रुततात आणि चांगल्या ३०४ वर गंजाचे ठिपके उमटतात. जस्ताचा मुलामा असलेला क्लॅम्प किंवा पट्टी वेल्ड करू नका. तो धूर विषारी असतो आणि वितळलेलं जस्त स्टीलमध्ये शिरून त्याला तडे पाडतं.

गाडीवर फक्त टाके मारा, सगळी नळी उतरवून टेबलावर पूर्ण वेल्ड करा आणि परत चढवा. टाके मारण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर गाडीबाहेर दूर ठेवा.

फ्लेक्झिबल आणि रबरी टांगण्यांना एवढं महत्त्व का?

तीन मीटरची ३०४ ची नळी सरासरी ३०० अंशांनी तापली की साधारण १५ मिलिमीटर लांब होते. लोखंडाची त्याच स्थितीत ११ मिलिमीटरच्या आसपास, ४०९ ही तितकीच. म्हणजे लोखंडी नळीसाठी बनवलेल्या घट्ट टांगणीत ३०४ ची नळी बसवली, तर तिला वाढायला जागा पुरत नाही. ती स्वतःला वाकवते, थंड झाली की परत येते. असं रोज होतं आणि शेवटी फ्लँजच्या मानेपाशी बारीक काळी रेघ दिसू लागते. ती रेघ म्हणजे चीर. ती परत वेल्ड करून उपयोग नाही. टांगणी दुरुस्त केली नाही तर वेल्डच्या शेजारी नवीन चीर पडते.

इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि नळी चासीला टांगलेली असते. या दोघांच्या मधे १५० ते २०० मिलिमीटर लांबीचा, आत इंटरलॉक असलेला स्टीलचा फ्लेक्झिबल हवा. तो मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या भागाच्या) खाली उतरणाऱ्या नळीनंतर, सरळ भागात बसवा. बसवताना तो ओढलेला, दाबलेला किंवा पिळलेला नको. पिळ बसला की जाळी महिन्याभरात फाटते. त्याच्यावर नळीचा भारही नको, म्हणून त्याच्या लगेच मागे एक टांगणी द्या. जुन्या मॅटाडोरला मूळचा फ्लेक्झिबल नसेल तरी स्टील करताना नक्की घाला. यात काटकसर करू नका.

टांगण्या रबरी हव्यात, दर मीटरला किमान एक आणि डब्याच्या दोन्ही अंगांना एकेक. थंड असताना मागच्या टांगण्या किंचित पुढे झुकलेल्या बसवा, म्हणजे नळी तापून मागे सरकली की त्या सरळ होतात. टायरच्या ट्यूबचे तुकडे आणि तार बांधून केलेली टांगणी पांदणीवर एक मोसम टिकत नाही. चासीला थेट पट्टी ठोकली तर सगळा आवाज पलंगात येतो.

सरकत्या जोडात पुढची नळी मागच्या नळीच्या आत ४०-५० मिलिमीटर जाऊ द्या. यू-क्लॅम्प नळी चेपतो, रुंद पट्ट्याचा क्लॅम्प घ्या. स्टीलचा नट-बोल्ट तापून एकमेकांना चिकटतो आणि सोडवताना तुटतो, म्हणून आट्यांना तांब्याची किंवा निकेलची अँटी-सीझ पेस्ट लावा. फ्लँजची जाडी ८ मिलिमीटरच्या खाली नको, पातळ फ्लँज वेल्डिंगने वाकतो आणि गॅस्केट फुंकलं जातं.

नळीचं तोंड कोणत्या बाजूला काढायचं?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे धूर खाली जमिनीकडे किंवा गाडीच्या डाव्या बाजूला सोडता येत नाही. कॅम्परला हे मनापासून पाळा, कारण सरकतं दार आणि सावलीचं कापड डावीकडेच असतं. तोंड मागे सरळ किंवा मागच्या टोकाशी उजवीकडे काढा, आणि ते बंपरच्या बाहेर थोडं आलेलं हवं. बंपरच्या आत संपणारी नळी धूर गाडीच्या पोटाखाली सोडते. नळी आणि इंधनाची लाइन यांत किमान ३५ मिलिमीटर अंतरही नियमातच आहे. आम्ही म्हणू, शंभर ठेवा.

आत झोपतो, म्हणून आणखी काय सांभाळावं?

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही लक्षणं उन्हाचा किंवा प्रवासाचा थकवा समजून सोडून दिली जातात. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा हा वायू कमी सोडतं, म्हणून निर्धास्त होऊ नका.

कॅम्पर बनवताना तळाला किती भोकं पाडली आहेत ते मोजा: सिंकचा पाइप, वायरी, टाकीचा निचरा, पलंगाचे बोल्ट. प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट आणि सीलंट हवं. एक भोक मात्र बुजवायचं नाही, ते म्हणजे गॅस सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाचं. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि तो तिथूनच बाहेर पडतो. म्हणून त्या भोकाखालून सायलेन्सरची नळी किंवा डबा कधीही जाऊ देऊ नका, आणि तो कप्पा आतल्या खोलीपासून पूर्ण बंद ठेवा.

धूळ टाळायला पुढच्या काचा बंद आणि मागचं दार उघडं ठेवून चालवण्याची सवय धोक्याची आहे. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर आत ओढला जातो. पंख्यासाठी किंवा बॅटरी चार्ज करायला रात्री इंजिन सुरू ठेवून झोपू नका, सायलेन्सर कितीही नवा असो. उशीच्या उंचीला बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा.

पाण्याची टाकी आणि वायरी नळीपासून किती लांब?

प्लास्टिकची टाकी उघड्या नळीपासून २०० मिलिमीटर लांब ठेवा. तेवढी जागा नसेल तर मधे एक मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा लावा. पत्रा आणि टाकी यांत १५ मिलिमीटर हवेची फट हवी, खरं काम ती फटच करते. पत्रा टाकीला चिकटवला तर तो गरम तव्यासारखा वागतो. पलंगाखालचा थर्माकोल किंवा फोम तळाच्या पत्र्याला आतून चिकटवला असेल तर डब्याच्या वरच्या भागालाही असंच पत्र्याचं छत द्या. चैत्र-वैशाखात चंद्रपूर-अकोल्याला पारा ४५ च्या पुढे जातो आणि उभ्या गाडीखाली वारा नसतो, हे धरूनच अंतरं ठेवा.

शेतात किंवा जंगलात उभी करताना आगीचा धोका किती?

खरा धोका आहे. कापूस वेचून झाल्यावरची पऱ्हाटी, तुराट्या, वाळलेलं कुसळी गवत हाऊजिंग आणि नळीच्या मधे अडकतं. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत सागाचा पाला टायरएवढा साचलेला असतो आणि आपण नेमके त्या सावलीत गाडी लावतो. गाडी लावण्याआधी जागा फावड्याने जमिनीपर्यंत साफ करा. थांबल्यावर वाकून नळीच्या कमानीत आणि डब्यावर हाताऐवजी काठीने चाचपून बघा. पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नळीच्या इतर भागांपेक्षा बराच जास्त तापतो, त्याचा मूळ पत्रा काढून टाकू नका. तसंच कन्व्हर्टरही काढू नका.

नळीवर हीट रॅपची पट्टी गुंडाळू का?

नको. कोरड्या रस्त्यावर ती उष्णता अडवते, पण आपल्या चिखलात ती ओली होऊन चिंधीसारखी नळीला बिलगते. पत्र्याचं कवच लावा.

नळी सोनेरी-निळी झाली. माल खोटा निघाला का?

नाही, तापलेल्या स्टीलचा तो नैसर्गिक रंग आहे. वेल्डच्या कडेने तपकिरी ओघळ दिसत असतील तर वेल्डचा डाग साफ केलेला नाही. पिकलिंग पेस्टने तो जातो, पण तिच्यात तीव्र आम्ल असतं. रबरी हातमोजे, चष्मा, उघडी जागा आणि नंतर भरपूर पाणी, आणि ते पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊ द्यायचं नाही.

ठरावीक वेगाला गाडी घुमते, डोकं उठतं. काय करावं?

चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला २४०० फेरे म्हणजे सेकंदाला ८० स्फोट. कॅम्परच्या बंद खोलीत हा जाड आवाज घुमतो. आधी बघा, नळी चासीला किंवा हीट शील्डला कुठे टेकते का. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं. टेकत नसेल तर मुख्य डब्याच्या पुढे किंवा मागे एक लहान रेझोनेटर डबा (घुमणारा आवाज मारणारा जोडडबा) जोडा. दुसरा उपाय बाजूला बंद तोंडाची नळी काढण्याचा असतो, पण इतक्या जाड आवाजाला ती जवळपास दीड मीटर लागते आणि गाडीखाली तेवढी जागा नसते.

आरटीओ आणि पीयूसीत अडचण येईल का?

मूळ आवाजाचा, मूळ मार्गाने जाणारा डबा बसवला तर सहसा नाही. मोकळी नळी किंवा आतून पोकळ डबा मात्र गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळीच दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पीयूसीत बीएस-४ (भारत स्टेज ४ हा धुराचा निकष) पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराचा दाटपणा मोजायचं माप) आहे, बीएस-४ ला ५०. काळा धूर सायलेन्सर बदलून कमी होत नाही, तो नोझल आणि पंपाचा प्रश्न आहे. मागची सीट काढून पलंग बसवण्याची नोंद मात्र कलम ५२ प्रमाणे आरसी बुकवर घ्यावी लागते. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरणाला गाडी उभी कराल तेव्हा हा कागद लागेल.

पुढचा अर्धा भाग चांगला आहे, फक्त मागचा स्टीलचा करू?

करता येतं, आणि पैसे कमी असतील तर तेच करा, कारण मागचा डबाच आधी जातो. पुढची लोखंडी नळी पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठेवा, भदभद आला तर ती आतून संपली आहे. लोखंड आणि स्टीलचा जोड वेल्ड न करता फ्लँजने करा, पुढचा भाग बदलायची वेळ आली की सोपं जाईल.

गाडी चार महिने उभी राहणार आहे. सायलेन्सरचं काय?

उभी करण्याआधी एकदा अर्धा तास तरी रस्त्यावर चालवा, म्हणजे आतलं पाणी उडून जाईल. नुसती जागेवर सुरू करून पाच मिनिटांत बंद केली तर पाणी उलट वाढतं. थंड झाल्यावर तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर कुंभारमाशी आत मातीचं घर करते आणि ते वाळून दगडासारखं होतं. जाळी आहे याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवा.

बसवून झाल्यावर काय तपासायचं?

थंड इंजिन सुरू करा आणि दुसऱ्याला जाड ओलं फडकं मागच्या तोंडावर काही सेकंद धरायला सांगा. तोंड पूर्ण दाबायचं नाही. गळती असेल तिथे फुसफुस ऐकू येते. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. मग गाडी तापवून, थंड करून सगळे नट पुन्हा आवळा, आणि शंभर किलोमीटरनंतर परत एकदा. पहिल्या पांदणीच्या फेरीनंतर खाली वाकून टॉर्च मारा: घासल्याच्या चकचकीत खुणा, जोडापाशी काळी काजळी आणि एका बाजूला ताणलेलं रबर, या तीन गोष्टी शोधा. काजळी दिसली तर जोड गळतो आहे. रबर ताणलेलं असेल तर नळी थंड असतानाच ओढात आहे, टांगणीचा हूक सोडून जागा बदला आणि मगच लांबच्या प्रवासाला निघा.